परसबाग : घरच्या भाजीचे आवर्ती खाते

भाजी पिकवायची तर शेत हवे, आणि ज्याला शेत नाही त्याने ती बाजारातूनच आणावी, असा आपला एक समज झालेला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मागच्या पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या. भाजी पिकवण्याचे ज्ञान त्यांच्या हातात होते, पण स्वतःचा म्हणावा असा एक वाफाही नव्हता. पुढची पिढी नोकरीनिमित्त शहरात आली आणि ते ज्ञानही हातातून सुटत गेले. हे ज्ञान परत मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे परसबाग होय.

इंग्लंडमध्ये ज्यांना जमीन नाही अशा कुटुंबांना भाजीपाल्यासाठी जमिनीचा लहानसा तुकडा अल्प भाड्याने देण्याची पद्धत आहे. त्यास 'अलॉटमेंट' म्हणतात. १९०८ च्या कायद्याने, मागणी असेल तेथे असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली. एका तुकड्याचे रूढ माप सुमारे २५० चौरस मीटर आहे. एवढी जागा आपल्याला मिळणे कठीण. परंतु शिकण्यासाठी १० फूट लांब व १० फूट रुंद जागा पुरेशी आहे. घराचे अंगण, क्वार्टरची मागची बाजू, शाळेचे किंवा समाजमंदिराचे आवार, अशी शंभर चौरस फूट जागा शोधली तर सापडते.

हे केवळ हौसेचे काम नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात भाज्या व फळे मिळून सुमारे ५०० ग्रॅम असावीत. शंभर चौरस फुटांतून कुटुंबाची ही सगळी गरज भागणार नाही, आणि पालेभाजी म्हणजे डॉक्टरांच्या गोळ्यांना पर्यायही नव्हे. पण आठवड्यातून तीन-चार वेळा ताजी पालेभाजी ताटात पडू शकते. पावसाळ्यात जुडीचा भाव ऐकून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या घरात तिचे मोल मोठे आहे.

आवर्ती ठेव, मुदत ठेव नव्हे

बँकेत मुदत ठेवीची रक्कम एकदम भरतात आणि एकदमच परत घेतात. आवर्ती ठेवीत दर महिन्याला थोडे थोडे भरतात. परसबाग ही दुसऱ्या प्रकारची आहे. नवशिके बहुधा पहिल्या पावसाच्या उत्साहात सगळे बी एकाच दिवशी पेरतात. महिन्याने एवढी मेथी येते की शेजाऱ्यांना वाटावी लागते, आणि त्यानंतर दोन महिने काहीच नसते. दसऱ्यापर्यंत त्या जागी गवत माजते. म्हणून पहिला नियम हा की, थोडे पेरा, पण दर पंधरा दिवसांनी पेरा.

जागा व वाफे

दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. मधोमध दोन फुटांची पायवाट ठेवून दोन्ही बाजूंना चार फूट रुंदीचे पट्टे आखावेत व प्रत्येकाचे दोन भाग करावेत. असे चार फूट बाय पाच फुटांचे चार वाफे होतात. दोन्ही बाजूंनी हात पोचत असल्याने वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही व माती दबत नाही. मांडवावरचे वेल आणि उंच झाडे उत्तरेच्या कडेला लावावीत, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही.

एक फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले तर निचरा कमी आहे असे समजावे. काळ्या जमिनीत हे नेहमी दिसते. तेथे पावसाळ्यात अर्धा फूट उंचीचे गादीवाफे करावेत. उन्हाळ्यात मात्र ओल टिकावी म्हणून सपाट वाफे बरे.

मातीच्या खात्यात भरणा

प्रत्येक जुडीबरोबर मातीतले अन्नद्रव्य घरात येते. खात्यात भरणा न करता पैसे काढत राहिले तर एक दिवस खाते रिकामे होते. मातीचेही तसेच आहे. शंभर चौरस फुटांस वर्षातून दोनदा सुमारे २५ किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट द्यावे. ताजे शेण घालू नये; त्याने हुमणी व वाळवी वाढते.

कंपोस्टसाठी तीन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा घ्यावा. त्यात वाळलेला पाला, त्यावर भाजीची देठे व साली, त्यावर मातीचा किंवा शेणकाल्याचा पातळ थर, असे थर देत जावे. ओल ठेवावी, पण चिखल होऊ देऊ नये. महिन्यातून एकदा खालीवर केल्यास तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार होते.

काय पेरावे?

पहिल्या वर्षी पालेभाज्यांवर भर द्यावा, कारण फळ लवकर मिळते आणि उत्साह टिकतो. सुरुवात ऑक्टोबरमध्ये करणे सर्वांत सोपे. पाऊस ओसरलेला असतो आणि थंडीत मेथी, पालक, कोथिंबीर चांगल्या येतात.

१) मेथी : २५ ते ३० दिवसांत काढणीस येते. अर्ध्या वाफ्यात आज व उरलेल्या अर्ध्यात पंधरा दिवसांनी पेरावी.

२) पालक : महिन्याभराने पहिली कापणी होते. जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापल्यास तीन-चार वेळा पुन्हा फुटतो.

३) कोथिंबीर : धने हलके रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवून पेरावेत. सुमारे ४० दिवस लागतात.

४) मुळा : वाफ्याच्या कडेने लावावा. ४० ते ५० दिवसांत तयार होतो. पाल्याचीही भाजी होते.

पावसाळ्यात व उन्हाळ्यात मेथीच्या जागी राजगिरा, तांदुळजा, चवळी घ्यावी.

फळभाज्यांत भेंडी नवशिक्यांना सर्वांत सोपी. दोन रोपांत एक फूट व दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवावे. ४५ ते ५० दिवसांनी तोडणी सुरू होते. मग एक दिवसाआड तोडावी, नाहीतर ती जून होते. शिरा पिवळ्या पडणाऱ्या केवडा रोगाला 'परभणी क्रांती' हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वाण बऱ्यापैकी दाद देत नाही. वांगी, टोमॅटो व मिरची यांची रोपे आधी खोक्यात तयार करून चार-पाच आठवड्यांची झाल्यावर सायंकाळी लावावीत. चार वांगी व सहा मिरच्या लहान कुटुंबास पुरतात. ही तिन्ही पिके एकाच कुळातील असल्याने एका वाफ्यात लागोपाठ घेऊ नयेत. त्यांच्यानंतर चवळी, गवार किंवा घेवडा घ्यावा. या पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र मातीत आणतात.

फळझाडे

वाफ्यांबाहेर जागा असेल तर दोन-तीन झाडे अवश्य लावावीत. शेवग्याचा 'पीकेएम-१' हा वाण बियांपासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देऊ लागतो. झाड तीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. पाल्याचीही भाजी होते. पपईच्या काही जातींत नर व मादी झाडे वेगळी असतात, म्हणून एका खड्ड्यात तीन रोपे लावून फुले आल्यावर फळणारे ठेवावे. तिच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. कागदी लिंबू फळायला चार-पाच वर्षे घेते. पण पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह शरीराला अधिक मिळते, म्हणून तेवढी वाट पाहणे योग्यच.

पाणी व कीड

तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी साठवून वापरावे. साबणाचे पाणी पालेभाजीला आणि गटाराचे पाणी कोणत्याच भाजीला देऊ नये. बोट मातीत खुपसून ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

मावा व इतर किडींसाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण मिसळून सायंकाळी फवारावी. वांग्याचा सुकलेला शेंडा अळीच्या छिद्राखाली कापून नष्ट करावा. केवडा पडलेले भेंडीचे झाड उपटून टाकावे.

नोंदवही

शेवटचे, पण महत्त्वाचे. एक साधी वही ठेवावी. कोणत्या तारखेला काय पेरले, केव्हा उगवले, किती जुड्या निघाल्या, हे लिहीत जावे. पहिल्या वर्षी खुरपे, बी, खत यांचा खर्च असतो, म्हणून त्या वर्षी नफ्याचा हिशेब मांडू नये. विद्यार्थी मित्रांनी ही वही स्वतःकडे घ्यावी. बीज, अंकुरण, नत्र, कीड हे पुस्तकातील धडे येथे डोळ्यांनी पाहता येतात. पुढच्या हंगामात त्याच नोंदी उपयोगी पडतात आणि शेजारच्या घरालाही देता येतात.

ज्या हातांनी दुसऱ्याची शिवारे हिरवी केली, त्याच हातांचे आपण वारस आहोत. शंभर चौरस फूट, चार वाफे आणि दर पंधरा दिवसांनी मूठभर बी, एवढ्यावर स्वतःचे खाते उघडता येते. ते चालू ठेवणे आपल्या हाती आहे.