साधनाची चिठ्ठी: संगणकाच्या मदतनिसाला नेमके कसे सांगावे?

प्रयोगशाळेतील बाटलीवर चिठ्ठी नसेल, तर आतले द्रव पाणी आहे की आम्ल, हे नुसते पाहून सांगता येत नाही. चिठ्ठीवर केवळ 'आम्ल' असे लिहूनही भागत नाही; कोणते आम्ल व किती तीव्र, हेही लिहावे लागते. संगणकाच्या क्षेत्रात आज अशाच चिठ्ठ्या लिहाव्या लागतात. त्या कशा, ते पाहू.

आज्ञावली तयार झाली की ती बरोबर चालते की नाही, हे तपासावे लागते. ही चाचणी आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'एजंट'कडूनही करून घेतात. एजंटचा मेंदू म्हणजे भाषेचे प्रतिमान. ते मजकूर वाचते व लिहिते; पण बटण दाबणे, वेळापत्रक शोधणे ही कामे त्याला स्वतः करता येत नाहीत. त्यासाठी त्याला 'साधने' देतात. साधन म्हणजे ठरावीक काम करणारी छोटी आज्ञावली. सहसा प्रतिमानाला साधनाची आतील रचना दिसत नाही. त्याला दिसतात त्या तीन गोष्टी: साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याची यादी. नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या संकेतातही साधनाची ओळख अशीच करून देतात.

आता रत्नागिरीचे उदाहरण घेऊ. रोहा ते ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग 1998 साली पूर्णपणे खुला झाला. पावसाळ्यात या मार्गावर दरडी कोसळण्याचा धोका असतो. म्हणून गाड्यांचा वेग कमी करतात आणि वेगळे पावसाळी वेळापत्रक लावतात. 2025 साली ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असे होते.

समजा, काही विद्यार्थ्यांनी रत्नागिरी स्थानकातील गाड्यांच्या वेळा सांगणारी आज्ञावली केली. तिची उत्तरे बरोबर आहेत का, हे पाहण्यासाठी एजंटला 'गाडीवेळ' नावाचे साधन दिले. वर्णन एवढेच: 'गाडीची वेळ देते.'

एजंटने 05/07/2025 ही तारीख दिली. त्याच्या मते ती 5 जुलै. साधन मात्र महिना आधी वाचणारे होते. त्याने 7 मे धरला आणि उन्हाळ्यातील वेळ दिली. आज्ञावलीने जुलैची बरोबर वेळ सांगितली होती. दोन्ही जुळेनात, तेव्हा एजंटने आज्ञावलीत दोष असल्याचे कळवले! त्यावर विसंबून कोणी आज्ञावली 'दुरुस्त' केली, तर जुलैत प्रवासी चुकीच्या वेळी स्थानकावर येईल. पावसाळी वेळ नेहमीपेक्षा अलीकडची असेल, तर त्याची गाडी निघून गेलेली असेल. चाचणी दोष शोधण्यासाठी असते. इथे तिनेच दोष निर्माण केला.

हेच वर्णन असे लिहिले तर?

'दिलेल्या तारखेला दिलेल्या स्थानकातून गाडी सुटण्याची नियोजित वेळ देते. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्यावी, उदाहरणार्थ 2025-07-05. ही तारीख याच स्थानकातून गाडी सुटण्याची आहे, आरंभस्थानकाची नव्हे. पावसाळी वेळापत्रक तारखेवरून आपोआप धरले जाते. उत्तर 24 तासांच्या घड्याळाप्रमाणे मिळते. त्या दिवशी गाडी नसल्यास "गाडी नाही", माहिती न मिळाल्यास "त्रुटी" असे उत्तर येते. प्रत्यक्ष झालेला उशीर हे साधन सांगत नाही. ते माहिती फक्त वाचते, काहीही बदलत नाही.'

प्रत्येक वाक्य कशासाठी आहे, ते पाहा. वर्ष-महिना-दिवस हा क्रम आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय प्रमाणातील आहे. त्यात घोटाळ्याला जागा नाही. आरंभस्थानकाचा उल्लेख का? मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या रत्नागिरीला पहाटे पोहोचते, म्हणजे तारीख बदललेली असते. 'गाडी नाही' आणि 'त्रुटी' यांत फरक का? पहिले उत्तर आहे, दुसरे उत्तर न मिळाल्याची कबुली. दोन्हींसाठी रिकामी जागा आली, तर एजंट गाडीच नाही असे समजेल. शेवटचे वाक्यही महत्त्वाचे आहे. 'आरक्षण रद्द करा' असे साधन असेल, तर ते माहिती कायमची बदलते आणि वापरण्यापूर्वी माणसाची संमती घ्यावी, हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

मग वर्णन लांबलचक असावे का? नाही. दिलेल्या सर्व साधनांची वर्णने प्रतिमानाला वाचावी लागतात. जे वाक्य काढल्याने निर्णय बदलत नाही, ते काढून टाकावे. दोन साधने सारखी दिसत असतील, तर कोणते केव्हा वापरायचे ते सांगावे.

वर्णनाचीही चाचणी घेता येते. दहा प्रश्न ठरवा आणि एजंट कोणते साधन निवडतो, कोणती माहिती देतो, याची नोंद करा. मग एकच वाक्य बदलून तेच प्रश्न पुन्हा विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम इथेही लागू आहे. एजंट त्याच प्रश्नाला प्रत्येक वेळी सारखेच वागेल असे नाही. म्हणून प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारावा.

करून पाहा: यासाठी संगणक लागत नाही. वर्गातील तापमापी, तराजू किंवा मोजपात्र यांपैकी एकाचे पाच वाक्यांत वर्णन लिहा. ते काय मोजते, कोणत्या एककात, किती मर्यादेपर्यंत आणि केव्हा वापरू नये, हे त्यात येऊ द्या. ते उपकरण न पाहिलेल्या मित्राला कागद द्या आणि कसे वापरशील, असे विचारा. तो जिथे अडेल, तिथे मित्राला समजावू नका; कागदावरचे वाक्य सुधारा.