हरण्या रोग: फवारणी नव्हे, उपटणी

मृगबागेच्या काळात ढगाळ हवा लांबली की कोवळ्या केळीच्या पानांवर शिरांना समांतर पिवळसर पट्टे उमटतात, पुढे पोंगा सडतो आणि रावेर-यावल पट्ट्यात ‘हरण्या’ म्हणून ओळखला जाणारा कुकुंबर मोझॅक विषाणूचा हा रोग बागभर पसरतो. रोग जडलेले रोप बरे करणारे कोणतेही औषध उपलब्ध नाही. तरीही ताक, जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके आणि ‘व्हायरसनाशक’ म्हणून विकली जाणारी द्रावणे यांवर होणारी उधळपट्टी थांबत नाही, ही चिंतेची बाब आहे.

या औषधांवरील विश्वास का टिकतो, हे समजण्यासाठी रोपाची स्वतःची संरक्षणयंत्रणा जाणून घेतली पाहिजे. या विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनए या रेणूचे असते. पेशीत त्याच्या प्रती निघताना दुपदरी आरएनए तयार होतो, ‘डायसर’ नावाचे विकर त्याचे २१ ते २४ घटकांचे तुकडे करते आणि ‘आर्गोनॉट’ हे प्रथिन असा एक तुकडा नमुना म्हणून धरून त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए कापते. अशा लघू आरएनएंचा वनस्पतींतील पुरावा हॅमिल्टन व बॉलकोम यांनी १९९९ मध्ये मांडला. हा विषाणू मात्र ‘२बी’ हे प्रथिन तयार करून ते तुकडे अडकवतो आणि आर्गोनॉटलाही रोखतो, म्हणूनच तो चिवट ठरतो. शिवाय थंडाव्यात लघू आरएनए कमी तयार होतात आणि उष्णता वाढली की वाढतात, असे तंबाखूवर्गीय वनस्पतींवरील प्रयोगांत आढळले आहे. केळीतही ऊन तापल्यावर नवी पाने निरोगी भासतात, त्यामागे हेच कारण असण्याचा संभव आहे. दरम्यान फवारणी झालेली असल्यास श्रेय बाटलीला मिळते, रोप राखले जाते आणि आभाळ भरून येताच त्याच रोपावरून मावा हा कीटक रोग शेजारच्या ओळीत नेतो.

मावा रोगट पानातून काही सेकंदांत विषाणू उचलतो व तितक्याच झटपट दुसऱ्या रोपात सोडतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या माव्यापासून केवळ कीटकनाशक बाग वाचवू शकत नाही. रोगट रोपावरील मावा आधी शिफारशीत कीटकनाशकाने मारावा, मग रोप कंदासह उपटून बागेबाहेर जाळावे किंवा खोल पुरावे. बागेची पाहणी दर आठवड्याला करावी. काकडीवर्गीय पिके, मिरची व टोमॅटो आंतरपीक म्हणून घेऊ नयेत, बांधावरील तण काढावे आणि रोगट बागेतील मुनवे लागवडीसाठी वापरू नयेत. शेजारच्या बागायतदारांनीही ही उपटणी एकाच वेळी करावी आणि नवी पाने हिरवी दिसली म्हणून एकही रोगट रोप राखू नये.