भित्तिकेवाचून जगणारे जिवाणू आणि उसाची गवताळ वाढ

उसाच्या फडात एखादे बेट गवताच्या ठोंबासारखे दिसू लागते. बुडख्यापासून बारीक फुटव्यांची दाटी होते, पाने अरुंद, आखूड व फिकट निघतात, कधी कधी तर ती पूर्ण पांढरी पडतात. आणि गाळपास योग्य असा ऊस त्या बेटात क्वचितच तयार होतो. हाच गवताळ वाढीचा रोग होय. महाराष्ट्रात १९४९ साली बेलापूर भागात या रोगाची प्रथम नोंद झाली. पुढे बरीच वर्षे तो विषाणूमुळे होतो असा समज होता. वस्तुतः त्याचे कारण फायटोप्लाझ्मा नावाचा, पेशीभित्तिका नसलेला जिवाणू आहे. हा जिवाणू कसा जगतो व कसा वाढतो हे ध्यानात आले म्हणजे या रोगावर कोणते उपाय लागू पडतात व कोणते व्यर्थ जातात, याचाही उलगडा होतो.

भित्तिकेचे कार्य

बहुतेक जिवाणूंच्या शरीराभोवती दोन आवरणे असतात. आतील आवरण म्हणजे नाजूक पेशीपटल आणि त्याबाहेरील म्हणजे टणक पेशीभित्तिका. जिवाणूच्या पेशीत क्षार, शर्करा, प्रथिने इत्यादी द्रव्ये दाटीने असल्यामुळे बाहेरील पाणी सतत आत शिरू पाहते व आतील दाब वाढतो. सायकलच्या नळीस बाहेरचा टायर आवरून धरतो, त्याप्रमाणे ही भित्तिका पेशीपटलास आवरून धरते. ती काढून टाकून पेशी साध्या पाण्यात ठेवल्यास पेशी फुगते आणि फुटते.

भित्तिकेवाचून निर्वाह

मग फायटोप्लाझ्मा कसा टिकतो? याचे उत्तर त्याच्या निवासस्थानात आहे. पानात तयार झालेली साखर वनस्पतीच्या ज्या रसवाहिन्यांतून इतर भागांकडे जाते, त्या रसवाहिन्यांतच तो राहतो. तेथील रस साखरेने घट्ट असल्याने पेशीच्या आतील व बाहेरील द्रवांच्या दाटपणात मोठी तफावत राहत नाही. साहजिकच पेशी फुटण्याचे भय उरत नाही. अन्नही तेथे आयतेच मिळते. त्याचा आकार सामान्यतः ०.२ ते ०.८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. भित्तिका नसल्याने शरीर लवचिक असते. त्यामुळे रसवाहिन्यांमधील चाळणीसारख्या पडद्यांच्या छिद्रांतून तो पुढे सरकू शकतो.

या आयत्या संसाराची किंमत मात्र त्याला मोजावी लागली आहे. कांद्यावरील एका फायटोप्लाझ्माच्या आनुवंशिक द्रव्याचा संपूर्ण आराखडा २००४ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे ८ लाख ६० हजार घटकांची भरली. आतड्यातील सामान्य ई. कोलाय जिवाणूची लांबी सुमारे ४६ लाख असते. अनेक आवश्यक द्रव्ये स्वतः बनविण्याची क्षमता या जातीने गमावली आहे. म्हणूनच जिवंत वनस्पती किंवा कीटक यांच्या शरीराबाहेर, मोकळ्या मातीत अगर पाण्यात, हे जिवाणू स्वतंत्रपणे वाढत नाहीत.

संख्यावृद्धी

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहता काही पेशी लांबट होऊन मध्ये आकुंचन पावलेल्या, तर काहींना अंकुरासारखे फुगवटे आलेले आढळतात. यावरून विभाजन व अंकुरण या मार्गांनी त्यांची संख्या वाढते असे मानले जाते.

भित्तिकेवाचून वाढ होऊ शकते हे प्रयोगानेही दिसून आले आहे. १९३५ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत एमी क्लीनबर्गर यांनी नेहमी भित्तिका असणाऱ्या एका जिवाणूची भित्तिकाहीन रूपे वर्णिली व लिस्टर या नावावरून त्यांस ‘एल-रूप’ म्हटले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील संशोधकांनी २००९ साली दाखविले की, अशा रूपांना विभाजनाची नेहमीची यंत्रणा नसली तरी चालते. पेशीपटल आतील द्रव्याच्या मानाने अधिक वाढले म्हणजे त्याला वेडेवाकडे फुगवटे येतात व ते तुटून नव्या पेशी बनतात.

फायटोप्लाझ्मा तुडतुड्याच्या शरीरातही वाढतो. रोगट पिकाचा रस शोषताना तो कीटकाच्या आतड्यात जातो, तेथून रक्तद्रवात व अखेर लालापिंडात पोचतो. यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. त्यानंतर असा तुडतुडा निरोगी पिकाचा रस शोषू लागला म्हणजे त्यासही रोग देतो.

औषधांचा परिणाम

पेनिसिलिन जिवाणूची भित्तिका बनू देत नाही. जेथे भित्तिकाच नाही तेथे ते काय करणार? १९६७ साली जपानमध्ये तुतीच्या खुजेपणाच्या रोगात असे भित्तिकाहीन जंतू प्रथम दिसले. त्यावर पेनिसिलिनचा परिणाम झाला नाही. परंतु प्रथिनांची घडण थांबविणाऱ्या टेट्रासायक्लिनने लक्षणे दबली. तथापि औषध थांबताच लक्षणे पुन्हा उद्भवतात. सबब उसाच्या फडात अशी औषधे वापरणे हिताचे नाही.

ऊस उत्पादकांनी काय करावे

१. जंतू रसवाहिन्यांत असल्यामुळे रोगट उसाच्या कांड्यांतून तो नव्या लागणीत जातो. वरून निरोगी दिसणाऱ्या उसातही तो असू शकतो. म्हणून बेणे केवळ खास राखलेल्या बेणेमळ्यातीलच घ्यावे. खोडव्याचे घेऊ नये.

२. मूलभूत बेण्यावर उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया सुमारे ५४ अंश सेंटिग्रेड तापमानास अडीच तास करतात. ही उष्णता उसाचा डोळा सोसतो, जंतू सोसत नाही. ही प्रक्रिया योग्य यंत्रातच व्हावी. घरगुती प्रयोगाने डोळे मरतात.

३. रोगट बेट दिसताच मुळासकट उपटून नष्ट करावे. नुसते फुटवे कापल्याने बुडख्यातील जंतू जात नाही.

४. ज्या फडात रोगाचा प्रादुर्भाव अधिक आहे, त्याचा खोडवा ठेवू नये. खोडव्यात हा रोग अधिक बळावतो.

५. तुडतुड्यांवर लक्ष ठेवावे व गरजेप्रमाणे कृषि अधिकाऱ्याच्या सल्ल्याने बंदोबस्त करावा.

लोहाच्या कमतरतेनेही पाने पिवळी-पांढरी पडतात. परंतु तेथे गवतासारखी फुटव्यांची दाटी नसते व हिराकस फवारल्यावर पाने हिरवी होऊ लागतात. हा भेद पाहूनच बेट उपटावे. एका रोगट बेटाचे बेणे पुढील हंगामात अनेक बेटे नासविते; म्हणून बेणे तोडण्यापूर्वी एक दिवस काढून बेणेमळा ओळीओळीने तपासावा.