टॅबमध्ये आधी काय : हजेरी की भाषा?



आरे कॉलनीतल्या वारली पाड्यावरील आमच्या अभ्यासवर्गाला टॅब देऊ इच्छिणाऱ्या काही मंडळींनी विचारले आहे, की त्यात वर्ग सांभाळणारे सॉफ्टवेअर घालावे की भाषांतराचे? दोन्ही शिक्षणाच्या उपयोगाची आहेत, पण त्यांची कामे निराळी. ती समजून घेऊ या.

१. वर्ग सांभाळणारे सॉफ्टवेअर
२०१४ साली आलेले गूगल क्लासरूम याचे परिचित उदाहरण. शिक्षक गृहपाठ देतो, मुले तो जमा करतात, गुण नोंदले जातात. काही सॉफ्टवेअर हजेरी ठेवतात, मुलांच्या पडद्यावर काय चालले आहे तेही दाखवतात. चार पाडे सांभाळणाऱ्या शिक्षकाला याचा मोठा आधार होईल. मात्र मुलाला दहापैकी दोन गुण मिळाले, एवढेच ते सांगते. त्याला गणित आले नाही, की गणिताची भाषाच कळली नाही, हे त्यातून समजत नाही. अशा वेळी मुलावर ‘मठ्ठ’ हा शिक्का बसतो आणि हळूहळू त्याची शाळा सुटते.

२. भाषांतराचे सॉफ्टवेअर
गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ साली आली. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’चा भर आठव्या अनुसूचीतील २२ भाषांवर आहे, त्यांत आदिवासींच्या भाषा दोनच, संथाली व बोडो. २०२५ मध्ये आलेल्या ‘आदिवाणी’ची सुरुवात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडीने झाली. वारलीचा त्यांत समावेश नव्हता. यंत्र लिहिलेल्या वाक्यांच्या जोड्यांवरून शिकते, आणि वारली मुख्यतः तोंडी जगली आहे.

३. स्थानिकीकरण
नुसते शब्द बदलून भागत नाही. धड्यात पियानो असेल, तर भाषांतरातही पियानोच राहतो. पाड्यावरच्या मुलाला तारपा ओळखीचा. तेथे तारपा आणणे म्हणजे स्थानिकीकरण. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत रचले, तेही याच समजुतीने. या कामाची सॉफ्टवेअर शब्दसंग्रह आणि एकदा तपासलेली वाक्ये जपून ठेवतात व पुढच्या धड्यात पुन्हा पुरवतात. पण पहिला शब्द माणसानेच भरावा लागतो.

म्हणून माझे मत असे : आमच्यासारख्या लहान वर्गाची हजेरी वहीत मावते. आधी पाड्यावरच्या आजी-आजोबांकडून शब्द ऐकून ते देवनागरीत नोंदवू, पहिलीच्या गणिताची वाक्ये वारलीत करू आणि ती त्यांच्याकडूनच तपासून घेऊ. वर्ग वाढले, की हजेरीचे सॉफ्टवेअर जरूर घेऊ.

चर्चेसाठी प्रश्न
१) आपण दिलेल्या वस्तूचा उपयोग मुलाला होतो, की फक्त अहवालाला?
२) आपल्या मंडळीत वारली जाणणारे कोणी आहे का? महिन्यातून दोन शनिवार ते देऊ शकतील का?