घराची ओढ

मुलांनो, अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कुन्या नावाचे एक लहान बेट आहे. १९६१ साली तेथे वस्तीजवळच ज्वालामुखी जागा झाला. बेटावरच्या सर्व २६४ रहिवाशांना जहाजाने इंग्लंडला नेण्यात आले. ब्रिटिश सरकारने त्यांची राहण्याची सोय केली. त्यांना कामेही मिळाली. पण सर्दी-खोकल्याने ते हैराण झाले. काही वृद्ध दगावले. बटाट्याची शेते, होड्या, मोकळा समुद्र त्यांना आठवे. १९६२ साली त्यांचे मत घेतले गेले. १४८ जणांनी परत जाण्याच्या बाजूने मत दिले, विरुद्ध फक्त ५ जणांनी! १९६३ साली बहुतेक जण बेटावर परतले.

संकटग्रस्तांना निवारा द्यावाच. पण त्यांची इच्छाही विचारावी. तुम्हांला काय वाटते?

शब्दार्थ : दगावणे – मरण पावणे, निवारा – आसरा