खेकड्याचा पिंजरा आणि त्याचे उघडे दार

दार सताड उघडे असलेल्या खोलीत एखाद्याला कोंडून ठेवता येईल काय? प्रश्न वेडगळ वाटेल. पण खेकडे, शेवंडी आणि कोळंब्या पकडण्यासाठी जे पिंजरे समुद्रात सोडतात, त्यांच्या प्रवेशमार्गाला बहुधा झडप नसते. प्राणी ज्या वाटेने आत येतो ती वाट तो आत असतानाही मोकळीच असते. तरीही सकाळी पिंजऱ्यात प्राणी सापडतात. हे कसे घडते ते पाहू.

ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यावर हे पिंजरे होडीशिवायही लावता येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. त्या वेळी भरती जशी मोठी, तशी ओहोटीही मोठी असते आणि एरवी पाण्याखाली राहणारे खडक उघडे पडतात. त्या खडकांच्या कपारीशी पिंजरा ठेवायचा, दगडाने जड करायचा, दोरीने पक्का बांधायचा आणि पाणी चढण्यापूर्वी परत फिरायचे. पुढची ओहोटी सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते, तेव्हा पिंजरा पाहायचा. या कामात वेळेचे भान सुटले तर पिंजरा लावणाराच भरतीत अडकतो! पूर्वी हे पिंजरे विलो झाडाच्या लवचीक फांद्यांचे विणत असत. आता लोखंडी सांगाडा आणि त्यावर जाळी असते. कोळंबीच्या पिंजऱ्याची जाळी अर्थातच बारीक असते.

आत आमिष म्हणून माशाची डोकी बांधतात. खेकड्याला ताजे आमिष आवडते आणि शेवंडीला शिळे, असे तिकडचे जुने मच्छीमार सांगतात. आमिष कसलेही असले, तरी खरे काम करतो तो त्याचा वास. मांसातील अमिनो आम्ले पाण्यात विरघळतात आणि प्रवाहाबरोबर लांबवर पसरतात. या प्राण्यांना लांब मिशांखेरीज आखूड मिशांचीही एक जोडी असते. ती ते सतत फटकारीत असतात. प्रत्येक फटकाऱ्याबरोबर मिशीवरील सूक्ष्म केसांमधून नवे पाणी जाते, म्हणजे आपण नाकाने हुंगतो तसेच हे हुंगणे झाले. त्यामुळे रात्रीच्या अंधारातही, आणि हे प्राणी बहुतेक रात्रीच बाहेर पडतात, त्यांना वाट सापडते.

आता दाराकडे वळू. हे दार नरसाळ्यासारखे असते. रुंद तोंड बाहेर आणि अरुंद तोंड आत. बाहेरून येणाऱ्याला नरसाळ्याच्या भिंतीच भोकाकडे नेतात. आतल्या प्राण्याला मात्र ते भोक पिंजऱ्याच्या मधोमध, तळापासून उंचावर लागते. तो बाहेर पडण्यासाठी कडेकडेने चाचपत राहतो आणि भोक चुकवतो. अमेरिकेतील मेन राज्यात पिंजऱ्याचे दोन भाग करतात. आमिष असते ते 'स्वयंपाकघर', आणि तेथून दुसऱ्या नरसाळ्यातून जावे लागते तो 'दिवाणखाना'. जेवून झाले की पाहुणा दिवाणखान्यात जाऊन बसतो, अशी ही थट्टेची नावे.

पण पाहुणा खरोखरच बसतो काय? अमेरिकेतीलच न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील संशोधकांनी पिंजऱ्यावर कॅमेरा बसवून तो समुद्रतळावर ठेवला. 2001 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष मच्छीमारांनाही चकित करणारे होते. आत शिरलेल्या शेवंडींपैकी फक्त 6 टक्के पकडल्या गेल्या! उरलेल्या खाऊनपिऊन निघून गेल्या. निसटलेल्यांपैकी 72 टक्के तर आल्या वाटेनेच, म्हणजे नरसाळ्यातूनच, बाहेर पडल्या. शिवाय आतली शेवंड नवीन येणारीला नांग्या उगारून हुसकावून लावते, असेही दिसले.

याचा परिणाम कळण्यासाठी थोडे गणित करू. समजा, दर तासाला 8 शेवंडी आत येतात आणि तास संपताना आत असतील त्यांपैकी निम्म्या बाहेर पडतात. पहिल्या तासानंतर आत 4 राहतील. दुसऱ्या तासात 4 अधिक 8, म्हणजे 12 होऊन त्यांतील 6 राहतील. तिसऱ्यानंतर 7. पुढे हा आकडा 8 च्या जवळ जाऊन थबकेल. पिंजरा सहा तासांनी काढा की बारा तासांनी, फरक नगण्य. गळक्या बादलीत पाण्याची पातळी एका उंचीवर स्थिर होते, तसेच हे आहे. समुद्रात शेवंडी दुप्पट झाल्या तरी भांडणांमुळे येणाऱ्यांची संख्या दुप्पट होईलच असे नाही. समुद्रात शेवंडी किती उरल्या आहेत याचा अंदाज पिंजऱ्यातील संख्येवरून बांधणाऱ्याला म्हणूनच फार सावध राहावे लागते. आणि किती धरायच्या हे याच अंदाजावर ठरते!

पिंजऱ्याचा मोठा गुण म्हणजे पकडलेला प्राणी जिवंत असतो. मेनमध्ये डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागील कडेपर्यंत मोजतात. ही लांबी सव्वातीन इंचांपेक्षा कमी किंवा पाच इंचांपेक्षा जास्त भरली, तर शेवंड पाण्यात परत सोडावी लागते. पोटाखाली अंडी असलेली मादीही सोडावी लागते. लहानग्यांसाठी पिंजऱ्यालाच एक सुटकेची खिडकी ठेवतात.

दोष आहे तो हरवलेल्या पिंजऱ्याचा. वेल्सच्या किनाऱ्यालगत संशोधकांनी असे 12 पिंजरे मुद्दाम सोडून दिले. मूळ आमिष 28 दिवसांतच संपले, पण पिंजरे खेकडे पकडीतच राहिले. आत मेलेला प्राणीच पुढच्याचे आमिष होतो. म्हणून मेनमध्ये पिंजऱ्याचा एक भाग कुजून गळून पडेल असा ठेवण्याची सक्ती आहे.

आपल्याकडील शेवंडीला अमेरिकन शेवंडीसारख्या मोठ्या नांग्या नसतात. मुंबईच्या समुद्रातील चपटी शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणात धरली गेली आणि 1994 च्या सुमारास तिची मासेमारी कोसळली. ओढत नेलेल्या जाळ्याला सुटकेची खिडकी कोठून असणार? पुढे 2003 साली भारत सरकारने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. चपट्या शेवंडीसाठी ते 150 ग्रॅम आहे. खाडीतल्या चिंबोरीची गोष्ट निराळी. तिची मादी अंडी घालण्यासाठी समुद्रात जाते, त्यामुळे खाडीतील पिंजऱ्यात अंडीवाली मादी क्वचितच येते. पोटाखालची झडप पाहिली की नर-मादी ओळखता येतात. नराची झडप निमुळती, तर मादीची रुंद असते.

गळक्या बादलीचे गणित तुम्हाला स्वतः पडताळता येईल. प्लॅस्टिकच्या बाटलीचा गळ्याकडील भाग कापून उलटा करून बाटलीत बसवा. वास बाहेर पडावा म्हणून बाजूंना तापलेल्या सुईने बारीक भोके पाडा. आत माशाचा तुकडा आणि एक दगड घालून बाटली एखाद्या मोठ्या माणसासोबत उथळ ओढ्यात ठेवा. दर दहा मिनिटांनी, बाटली न हलवता, आतील कोळंब्या व लहान मासे मोजा आणि आलेखाच्या कागदावर टिपा. दोन तासांनी बाटली उघडून सर्वांना सोडून द्या.