धूमकेतूचे निरीक्षण व छायाचित्रण : गोरेगाव परिसराच्या दृष्टीने

आकाशात एखादा तेजस्वी धूमकेतू दिसू लागला म्हणजे गावोगाव कुतूहल जागे होते आणि त्याबरोबरच जुनी भीतीही डोके वर काढते. शेंडेनक्षत्र उगवले की दुष्काळ पडतो, रोगराई येते, ही समजूत ग्रामीण भागापुरतीच मर्यादित होती असे नव्हे. मे १९१० मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाणार आणि त्या शेपटीत विषारी सायनोजेन वायू आहे, असे प्रसिद्ध होताच युरोप-अमेरिकेतही घबराट पसरली व बचावासाठी गोळ्या विकल्या गेल्या. प्रत्यक्षात शेपटी इतकी विरळ असते की पृथ्वीवर कोणताही परिणाम जाणवला नाही. अशी भीती केवळ व्याख्यानाने जात नाही. धूमकेतू स्वतः पाहून, मोजून, त्याची नोंद केल्यानेच ती जाते. हे काम शाळा व पंचायत मिळून सहज करू शकतात.

धूमकेतूचे स्वरूप

धूमकेतूचे केंद्रक म्हणजे बर्फ, धूळ व गोठलेले वायू यांचा काही किलोमीटर व्यासाचा गोळा होय. सूर्याजवळ येताच बर्फाची वाफ होते व केंद्रकाभोवती तेजोमय आवरण निर्माण होते. सूर्यप्रकाशाच्या दाबाने धुळीची आणि सौरवाऱ्याने विद्युत्भारित वायूची शेपटी तयार होते. म्हणूनच शेपटी सर्वसाधारणपणे सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. तिचा संबंध सूर्याशी आहे, मानवी सुखदुःखाशी नाही, हे दररोज संध्याकाळी तिची दिशा पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या आपोआपच ध्यानात येते.

हौशी निरीक्षकांचे कार्य

या क्षेत्रात हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा आहे. २३ जुलै १९९५ रोजी हेल-बॉप धूमकेतूचा शोध ज्या दोघांनी स्वतंत्रपणे लावला, त्यांपैकी टॉमस बॉप हे हौशी निरीक्षक होते व त्या रात्री त्यांनी मित्राची दुर्बीण वापरली होती. महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षणाचे कार्य करीत आली आहे. हॅलेच्या १९८५-८६ च्या फेरीच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळाचे कार्य सुरू झाले. हा धूमकेतू पुन्हा २०६१ मध्ये येईल. आज शाळेत असलेली मुले तो पाहू शकतील.

स्थानिक वेळेचे महत्त्व

अलीकडचे उदाहरण त्सुचिनशान-अ‍ॅटलास या धूमकेतूचे. २७ सप्टेंबर २०२४ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला आणि १२ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी, पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटर अंतरावरून गेला. त्यानंतर तो संध्याकाळी पश्चिमेस, शुक्र व स्वाती यांच्या मधल्या भागात, दिवसेंदिवस अधिक उंच दिसू लागला.

अशा धूमकेतूची वेळ फार थोडी असते. सूर्यास्तानंतर पाऊण तासाच्या सुमारास संधिप्रकाश पुरेसा ओसरतो, आणि त्यानंतर काही वेळातच धूमकेतू क्षितिजाकडे झुकतो. गोरेगाव मुंबईच्या पूर्वेस सुमारे सात अंश रेखांशांवर असल्याने येथे सूर्य अर्धा तास आधी मावळतो. ऑक्टोबरच्या मध्यास मुंबईत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास, तर गोरेगावात पावणेसहाच्या सुमारास होतो. मुंबईसाठी दिलेली वेळ जशीच्या तशी धरणारा निरीक्षक येथे पोहोचेपर्यंत धूमकेतू मावळलेला असण्याचा संभव असतो. यास्तव वेळ नेहमी स्थानिक सूर्यास्तापासून मोजावी.

जागा व दिवस यांचाही विचार करावा. पश्चिम क्षितिज मोकळे असलेली तलावाची किंवा बोडीची पाळ उत्तम. मात्र पावसाळ्यानंतर तेथे साप-विंचवाचे भय असल्याने दिवसा पाहणी करून ठेवावी. २०२४ मध्ये १६ ऑक्टोबरला कोजागिरी होती व चांदण्यात शेपटीचा फिका भाग लोपत होता. पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी, चंद्र उगवण्यापूर्वी, काळोख मिळाला. पण तोवर धूमकेतूचे तेज उतरू लागले होते. म्हणून एका दिवसावर विसंबून न राहता ओळीने आठ-दहा दिवस निरीक्षण करावे.

छायाचित्रण

साधा कॅमेरा व तिपाई एवढ्यावर काम भागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे अधिक वेळ उघडलेल्या कॅमेऱ्यात तारे रेघांसारखे उमटतात. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यासाठी ५०० या संख्येस भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. ५० मिलिमीटर भिंगास सुमारे १० सेकंद मिळतात. लहान संवेदकास वेळ आणखी कमी ठेवावा. एखाद्या ठळक ताऱ्यावर नजर धरून केंद्रीकरण हाताने करावे व हादरा टाळण्यासाठी स्वयंचलित कळीचा उपयोग करावा. मोबाइलही तिपाईवर घट्ट बसवून रात्रीच्या छायाचित्रणाच्या सोयीवर ठेवल्यास उपयोगी पडतो. सूर्य पूर्ण मावळण्यापूर्वी द्विनेत्री दुर्बीण पश्चिमेकडे कदापि रोखू नये; डोळ्यांस कायमची इजा होते.

नोंदवही

तारीख, वेळ, जागा, आकाशाची स्थिती व कॅमेऱ्याची मापे यांवाचून छायाचित्र हे केवळ शोभेचे चित्र ठरते. हात ताठ धरला असता बंद मूठ सुमारे १० अंश व्यापते. तेवढ्यावर शेपटीची लांबी व क्षितिजापासूनची उंची विद्यार्थ्यांना मोजता येते. धूमकेतू न दिसल्यास तसेच लिहावे. तीही नोंदच होय.

ग्रामपंचायतींनी त्या काळात निरीक्षणस्थळाजवळचे पथदिवे सायंकाळी तासभर बंद ठेवण्याची व्यवस्था करावी. शिक्षकांनी वही चालवावी व ती पुढील वर्गाच्या स्वाधीन करावी. धूमकेतू काही आठवड्यांत दिसेनासा होतो. परंतु ज्या गावात त्याची दैनंदिन नोंद आहे, तेथे पुढचा धूमकेतू भीतीने नव्हे, तयारीने पाहिला जाईल.